सहीची वही आन आमच्या अक्का

आमच्या थोरल्या जाऊबाईएवढी भांडखोर बाई अख्ख्या चाकूर तालुक्यात सापडायची न्हाई, आन भांडनात एकबी शिवी न देनारी बी सापडायची न्हाई. मी त्यांना अक्का म्हनते. मी सातवी शिकले, त्या पाचवी, तरी घरात शहान्या त्याच, हे मला आजबी पचलं न्हाई. त्यांच्या पोरानं विष्णुपुरीच्या कालेजातून संविधानाचं जाडं पुस्तक आनून दिलं, तवापासून त्या ते पोथीवानी पाटावर ठेवून, बोट लावून रोज एक पान वाचायच्या, आन दुसऱ्या दिवशी ते पान आमच्या डोक्यावर. एकदा दूध सांडलं म्हनून सासूबाई माझ्यावर तुटून पडल्या, तर अक्का मधी येऊन म्हनल्या, "आत्याबाई, आधी आरोप काय ते सांगा, मंग तिचं ऐका, मंग बोला." मी भेऊन म्हनलं, मांजरानं सांडलं. "मंग मांजराचं बी ऐकावं लागंल," अक्का म्हनल्या, तशा सासूबाई हसत सुटल्या. आमचे हे म्हनले, "वैनीचं डोकं बघ." दूध सांडलं म्या, कौतुक त्यांचं. भाजी कोनची करायची ते बी हात वर करून ठरवायच्या. वांगं जिंकलं तर, वांग्यानं अंगाला खाज सुटत असून बी मुकाट खायच्या. मुकाट म्हंजे जेवन संपोस्तोर बडबड. "बहुमत तुमचं, बोलायचा हक्क माझा," म्हनायच्या. माझी तीन वर्साची आरू त्यांना मोठी आई म्हनते, म्हंजे मी आपोआप ल्हानच झाले की. ते बी मला लई टोचायचं.

आता आमच्या गावात बायांची ग्रामसभा म्हंजे एक वही. शिपाई ती घेऊन घरोघर फिरतो, आमी कवाडाआडून हात काढून सही करतो, झाली सभा. अक्का तेवढ्या म्हनायच्या, "सभा कुठं हाय ते दाखव, मंग सही." त्यामुळं शिपाई त्यांना वळसा घालूनच जायचा. म्या मातर अक्का अंगनात असल्या की मुद्दाम त्यांना दिसंल अशी, झोकात सही करायची. सातवीचं अक्षर हाय माझं.

अशाच एका सहीनंतर दोन दिवसांनी अंगनवाडीची बाई म्हनली, अंगनवाडी आता रस्त्यापल्याड जानार, तुमी बायांनीच ठराव केलाय न्हवं. त्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात, जीपा जातात, आन माझी आरू अजून पायतान उलटं घालती. तिला म्याच सही करून रस्त्यावर सोडलं व्हतं. पळत अक्काकडं गेले, रडतच. वाटलं आता टोमना मारतील, पन त्या म्हनल्या, "तोंड धू. सोमवारी चावडीवर मोठी सभा हाय."

म्या निवांत झाले, म्हनलं बोलतील त्या. चावडीवर सरपंच म्हनले, "बोला वैनी, तुमच्याबिगर कोन बोलनार." अक्का उठल्याच न्हाईत. "माझं पोरगं कालेजात हाय, त्याला कुठं रस्ता वलांडायचाय," म्हनल्या. "जिचं लेकरू वलांडनार तिला इचारा." आन मला मांडीला असा चिमटा घेतला की म्या उठलेच. म्हनलं, "ती सही माझीच हाय. पन सभा झाली न्हाई. सभा माझ्या कवाडात झाली, आन तिथं म्या एकलीच व्हते." मानसं हसली. मंग मागून एक म्हातारी उठली, "माझ्या बी कवाडात." मंग तिसरी, मंग सगळ्याच. सरपंचांनी वहीतला ठराव आमच्याम्होरं खोडला. घरी येताना ह्यांनी परत तेच केलं, म्हनले, "वैनीनं काय तयार केलं तुला."

अवंदा अक्काचं पोरगं नांदेडात नोकरीला लागलं, त्यांना संगं घेऊन गेलं. पुस्तक बी गेलं, पाट तेवढा राहिला. परवा शिपाई वही घेऊन आला, तवा माझ्या तोंडून निघालंच, "सभा कुठं हाय ते दाखव." आरू म्हनली, "आई, मोठ्या आईवानी बोललीस." म्हंजे बोलले म्या, नाव त्यांचंच. जरा झोंबलंच.

काल परत दूध सांडलं, माझ्याच हातून. सासूबाई बोलत व्हत्या, म्या ऐकत व्हते, मधी कोनी आलं न्हाई. मांजर बी कवाडाकडंच बघत बसलं व्हतं.