समुद्रात न्यायचे टॉर्च

रविवारी सकाळी मी मटार सोलत होते. मुलांनो, तुमच्या मावशीने, म्हणजे माझ्या लेकीने, माझ्यासमोर टेबलावर दोन टॉर्च आणि चार्ज करायचे चार सेल मांडले. शुक्रवारी ती अंदमानला निघणार होती आणि तिथे पहिल्यांदाच रात्रीच्या वेळी समुद्रात बुडी मारणार होती. दिवसा ती बऱ्याचदा उतरली आहे. त्याची मला सवय झाली आहे, निदान तसं मी सगळ्यांना सांगते.

"दोन कशाला?"

"एक बंद पडला तर दुसरा."

"आणि दुसराही पडला तर?"

"मग जोडीदाराचा. आई, कोणी एकटं उतरत नाही."

उत्तर बरोबर होतं, तरी मी एक टॉर्च उचलून पाहायला लागले. काळजी वाटली की मी प्रश्न विचारत सुटते, हे तुम्हाला माहीत आहेच. टॉर्चचं झाकण फिरवून काढलं तर आत रबराचं एक बारीक कडं दिसलं.

"ही तर कुकरची रिंग!"

"तशीच. पण कुकरची सैल झाली की ठेवतेस तशी फ्रीजरमध्ये ठेवू नकोस हं."

ते कडं पुसायचं, त्यावर केससुद्धा राहू द्यायचा नाही, मग सिलिकॉनचं ग्रीस बोटाने अगदी पातळ लावायचं. मी चष्मा चढवून पुसलं, तर माझ्याच साडीचा एक धागा त्याला चिकटला. एवढ्याशा धाग्यावरून पाणी आत शिरतं म्हणे. मी पुन्हा पुसलं.

चारपैकी दोन सेल टॉर्चबरोबर आलेले, जुने. दोन तिने नुकतेच ऑनलाइन मागवले होते. नव्यांवर विजेच्या साठ्याचा जवळजवळ तिप्पट मोठा आकडा छापला होता, म्हणून तेच घालायचं तिने ठरवलं होतं. किती वेळ चालतात ते पाहावं म्हणून मी एक टॉर्च तिथेच लावून ठेवला. थोड्या वेळात त्याला हात लाववेना.

"अगं आई, बंद कर! तो पाण्यातच थंड राहतो."

मग न्हाणीघरात दोन बादल्या भरल्या. खिडकीला जाड टॉवेल लावला. एका टॉर्चमध्ये जुना सेल, दुसऱ्यात नवा. मी स्टूल आणि वही घेऊन बसले. पाण्यातून छतावर उजेडाच्या दोन थाळ्या हलत होत्या, आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटायला लागली होती. मोठ्या आकड्याचा सेल माझा भात शिजायच्या आत पिवळा पडून विझला. जुना सेल आमची जेवणं झाली तरी जळत होता.

मी दोन्ही सेल स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले. नवा बराच हलका भरला.

"सेल तोलतेस?" मावशी हसायला लागली. मग तिने स्वतः काट्यावर पाहिलं आणि हसू थांबलं. "म्हणजे आत मालच कमी आहे. आणि मी हेच घेऊन जाणार होते."

बादलीत तासन् तास जळलेल्या जुन्या सेलवर मात्र माझा विश्वास बसला. तसेच आणखी दोन हवे होते. सोमवारी मी जुना सेल आणि वजनकाटा पिशवीत घालून आमच्या गावातल्या नजरबाद भागातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. दुकानदार इथल्या कानडी मुलखातच तीन पिढ्या राहिलेला मराठी.

"अज्जी, मी सोनं विकत नाही!" काटा पाहून तो म्हणाला.

"माझी मुलगी हा सेल घेऊन रात्री समुद्रात उतरणार आहे."

"रात्री? अय्यो, माशांना झोपू द्या की!" असं म्हणत त्याने स्वतःच एकेक सेल काट्यावर ठेवला. पाचव्याचं आणि सहाव्याचं वजन जुन्याइतकं भरलं. ते दोन मी घेतले, आणि घरी येऊन तेही बादलीत जाळून पाहिले, मग पुन्हा चार्ज केले.

पुढच्या रविवारी तिचा अंदमानहून फोन आला. पोपटमासा स्वतःभोवती पारदर्शक पिशवी विणून झोपतो, हे तिने पाहिलं होतं.

"टॉर्च चालले ना?"

"चालले. पण खाली गेल्यावर आम्ही सगळ्यांनी ते बंद केले."

"बंद? मुद्दाम?"

"हात हलवला की पाण्यातल्या बारीक जीवांच्या ठिणग्या उडतात आई, निळ्या. उजेड असला की दिसत नाहीत. पाच मिनिटं काळोखात होतो."

मी खुर्चीत बसले.

"आणि मग टॉर्च लागला?"

"लागला."

"पहिल्या दाबात?"

"पहिल्या दाबात."

"बरं," मी म्हटलं, "आता त्या ठिणग्यांचं सांग. निळ्या म्हणजे कशा निळ्या?"