दसऱ्याच्या पूजेतली सहा बटणं

ती सहा पितळी बटणं आजही माझ्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी आहेत. पोलीस खात्यात उभं आयुष्य काढलं, खून हाताळले, दरोडे हाताळले. पण ज्या प्रकरणाचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो ते निवृत्तीनंतरचं, इथलं बहरीनमधलं, आणि त्याची नोंद कुठल्याही ठाण्याच्या दप्तरात नाही. माझ्याकडे तेव्हा ना वर्दी होती ना अधिकार. चौकशी करायची खोड तेवढी होती. आमच्या लेकीच्या मते ती खोड माझ्याबरोबर सरणावरच जाणार आहे.

मी झिंजमध्ये लेक-जावयाकडे राहतो. पहाटे पाचला उठायचं आणि इमारतीत कोण आलं, कोण गेलं ते वहीत टिपायचं, ही सवय अजून आहे. लेक त्या वहीला स्टेशन डायरी म्हणते. आमच्याकडे पोळ्या करायला खेडकडची एक बाई येते. तिचा नवरा एका कंपनीत एसी टेक्निशियन. दोघं जिदहफ्सला एका खोलीत राहतात.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी ती आली, परातीत पीठ काढलं आणि तिथेच हुंदके देऊन रडायला लागली. लेकीने तिला बसवलं, पाणी दिलं, तेव्हा कुठे हकिगत बाहेर आली.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी तिच्या नवऱ्याने एका वृद्ध बहरीनी गृहस्थांच्या घरी एसीची सर्व्हिसिंग केली होती. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक, जुन्या लष्करी वस्तूंचे शौकीन. त्यानंतर त्यांच्या एसीखालच्या कपाटावरची सहा बटणं दिसेनाशी झाली. गोऱ्यांच्या नौदलाची, मुकुट आणि नांगर कोरलेली. त्यांनी कंपनीला कळवलं. इकडे या पठ्ठ्याने दसऱ्याला हत्यारांची पूजा मांडली. पाने, गेज, मीटर, शेजारी झेंडूची फुलं, आणि मधोमध सहा चकचकीत पितळी बटणं! मुकुट आणि नांगरवाली! बरं, पूजा केली ती केली, वर फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला टाकला. तो फोरमनने पाहिला. झालं! दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट बंद. ते गृहस्थ शनिवारपर्यंत थांबणार होते, मग पोलीस कंप्लेंट.

"साहेब, व्हिसा गेला तर आमचं खलास," ती म्हणाली. "आणि गावाला तोंड काय दाखवायचं? चोर म्हणून परत पाठवला म्हणतील."

मी म्हटलं, "संध्याकाळी त्याला घेऊन ये. बटणं घेऊन ये."

माझी चौकशीची पद्धत साधी. आधी चहा द्यायचा आणि माणूस कपाचं काय करतो ते बघायचं. निर्धास्त माणूस चहा पितो. घाबरलेला नुसता कप धरून बसतो. याने कप धरला तो अर्धा तास सोडला नाही.

"कुठून आणलीस?"

"जुन्या बाजारातून घेतली, साहेब."

"कुणाकडून?"

"होता एक माणूस."

"कुठल्या दिवशी?"

"सोमवारी."

"सोमवारी तर तुझी शिफ्ट असते."

तो म्हणाला, "बाजारातून नाय, एका मित्राने दिली." मित्राचं नाव विचारलं तर कपाळावर घाम. एसी चालू असताना!

मी स्वयंपाकघरात जाऊन लेकीला म्हटलं, "यानेच उचललीत. चार प्रश्नांत दोन खोट्या गोष्टी." ती तडकली. "बाबा, हा तुमचा लॉकअप नाहीये. माणूस घाबरलाय." मी तिला उडवून लावलं. घाबरलेले मी काय कमी बघितले होते?

परत येऊन बसलो आणि आवाज चढवला. "सहा बटणं त्यांची गेली, सहाच तुझ्याकडे निघाली. आता काय म्हणणं आहे तुझं?"

तेवढ्यात त्याची बायको पुढे आली. "साहेब, सहा नाय. सात होती."

"तू गप बस!" तो ओरडला.

"का गप बसू? जायची वेळ आली तरी गप बसू?" ती माझ्याकडे वळली. "सात होती, साहेब. एकाची मागची कडी मोडलेली. मोडकी वस्तू पूजेला ठेवत नाय, म्हणून ती मी घासलीच नाय. डब्यात पडलीय."

इतक्या वर्षांत माल कमी करून सांगणाऱ्या बायका मी रग्गड पाहिल्या. वाढवून सांगणारी ही पहिली. जावयाला गाडी काढायला लावली आणि तडक जिदहफ्स गाठलं.

तिने फळीवरून डबा काढून माझ्यापुढे धरला. आत ते सातवं बटण होतं. हिरवंगार झालेलं, मुकुटावर वाळूचा कडक थर बसलेला, मागची कडी अर्धी तुटलेली. शौकीन माणसाच्या कपाटावरची वस्तू अशी नसते. हे बटण वर्षानुवर्षं मातीत पडलेलं होतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

मग त्याने खाली बसून सगळं सांगितलं. गावी परत गेलेल्या एका सहकाऱ्याने त्याला धातू शोधायचं यंत्र दिलं होतं. सुट्टीच्या सकाळी हा ते घेऊन एका पडीक किनाऱ्यावर जायचा. पूर्वी त्या बाजूला गोऱ्यांच्या छावण्या होत्या म्हणे. खिळे, बाटल्यांची बुचं निघायची, आणि एक दिवस एकाच जागी ही सात बटणं निघाली. पुढे कुणीतरी त्याला सांगितलं की अशा शोधाला सरकारी परवानगी लागते, जुनं काही सापडलं तर कळवावं लागतं, नाहीतर थेट घरी पाठवतात. तेव्हापासून त्याची पाचावर धारण बसली होती.

"मग स्टेटसला कशाला टाकलंस, शहाण्या?"

"पूजेचा फोटो होता, साहेब. त्यात काय लपवायचं, असं वाटलं."

मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांना फोन करून वेळ घेतली आणि नवरा-बायको दोघांना घेऊन गेलो. ते नईममध्ये राहतात. जुन्या पिढीचे असल्यामुळे हिंदी उत्तम बोलतात. मी बटणांचं पुडकं खिशातच ठेवलं. ओळख पटवायचा नियमच आहे, आधी वर्णन लिहून घ्यायचं, मग वस्तू दाखवायची. त्यांनी हसत लिहून दिलं. बटणं कधी न वापरलेली. मागे बनवणाऱ्या कंपनीचं नाव स्पष्ट. मुकुटाची कमान मधोमध खाली दबलेली, म्हणजे राणीच्या काळातली.

मग मी टेबलावर टॉवेल पसरला आणि सातही बटणं मांडली.

त्यांनी भिंग लावलं आणि कपाळाला हात लावला. "या अल्लाह! ये किसने घिसा?"

"मी," बाई म्हणाली. "चिंच-मिठाने. देवाचं पितळ घासते तसं."

मी अर्थ सांगितला. चोरीपेक्षा चिंचेचंच त्यांना जास्त दुःख झालं असावं. मातीतून निघालेलं पितळ घासायचं नसतं, त्यांनी समजावलं. वरचा काळा-हिरवा थर म्हणजे त्याचं वय. मऊ ब्रशने सुटी माती झाडायची, पाणी लावायचं नाही, आम्ल असलेल्या साध्या कागदात गुंडाळायचं नाही, आणि कोरड्या डबीत प्रत्येक बटण वेगळं ठेवायचं. मग ते पुन्हा भिंगात बघू लागले.

"कमान गोल आहे," ते म्हणाले. "राजाच्या काळातली. माझ्यापेक्षा जुनी. ही माझी नाहीत."

मग मी माझी भर घातली. सहाही बटणांवर नांगर एका बाजूने झिजून सपाट झाला होता. शिपाई म्हणून भरती झालो तेव्हा कोटाच्या बटणांखाली पितळी पट्टी सरकवून रोज पॉलिश मारायचो. त्या घासण्याने नक्षी अशीच झिजते. एका दिवसाच्या चिंचेने ती झिजत नाही. ही बटणं कुणीतरी वर्षानुवर्षं अंगावर वागवली होती.

जाता जाता मी एक प्रश्न विचारला, जो कुणीच विचारला नव्हता. "एसीवाला येण्याआधी कपाटाच्या वरची जागा कुणी रिकामी केली?" गृहस्थ चमकले. सुनेला फोन लावला. पाणी गळेल म्हणून तिनेच सगळं आवरून एका बॅगेत भरलं होतं. बटणं त्या बॅगेत निघाली. त्यांनी उठून त्या टेक्निशियनचे दोन्ही हात धरले आणि माफी मागितली. फोरमनला माझ्यासमोर फोन करून खडसावलं.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण ते गृहस्थ मनाने मोठे. ते म्हणाले, "ही माझ्याकडे ठेवा. माझ्या संग्रहातली म्हणून मी सरकारजमा करतो. तुमचं नाव कुठेच येणार नाही."

खरं सांगतो, मी मान हलवणार होतो. पोरगा सुटला, नोकरी वाचली, वस्तू योग्य जागी पोचली. आणखी काय हवं?

पण टेक्निशियन म्हणाला, "नको, साहेब. मला सापडलीत, तर मीच सांगतो. चोर नाय म्हणून एवढं केलं, आता पुन्हा लपू कशाला? जायचं असेल तर खरं सांगून जाईन."

त्याची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. तिने त्याला अडवलं नाही.

रविवारी आम्ही पुराणवस्तूंच्या सरकारी कचेरीत गेलो. मी बाहेरच्या बाकावर बसलो. आतल्या अधिकाऱ्यांनी जागा विचारली, नकाशावर खूण करून घेतली, परवानगीशिवाय पुन्हा यंत्र फिरवायचं नाही अशी कडक ताकीद दिली आणि बटणं ठेवून घेतली. व्हिसाचं नाव कुणी काढलं नाही. तो बाहेर आला तेव्हा हातात पोचपावती होती. शोधणाऱ्याच्या रकान्यात त्याने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि खाली गावसुद्धा लिहिलं होतं. गाव कुणी विचारलंच नव्हतं.

या प्रकरणाने मला उतारवयात एक धडा दिला. खोटं बोलणारा माणूस घाबरलेला असतो, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तो नेमका कशाला घाबरलाय, हे विचारायचं मी किती वेळा विसरलो असेन, या विचाराने अजूनही जीव खालीवर होतो. हजारो जबाबांवर मी सह्या घेतल्या, बहुतेक दरडावून. त्या दिवशी मात्र त्याने ती पावती माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "साहेब, बघा, बरोबर लिहिलंय ना?" चष्मा पुसायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं.