भिंतीकडे तोंड केलेल्या मुली

माझा स्वभाव संशयी. सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाते, पण तिथंही हात जोडून मनात कुणाचा तरी हिशोब चालूच. मागच्या वर्षी तर मी देवाकडे एकच मागणं लावून धरलं होतं. माझ्या मुलीच्या शाळेत आलेल्या नव्या बाईंची बदली होऊ दे.

बाई गणित शिकवायच्या, पण पोरांच्या हातात पुस्तक कमीच दिसे. नववीतली माझी रोहिणी घरी येऊन सांगायची, आज गल्ली पावलांनी मोजली, आज विजेच्या खांबांवरून रस्त्याची लांबी काढली. आमच्या गावात, कुंभारीत, तेव्हा रस्ता रुंद होणार अशी कुजबुज होती. मला वाटलं, पोरांना पुढं करून कुणीतरी आमच्या जमिनी मोजून घेतंय. एकदा न सांगता शाळेत गेले. खिडकीतून पाहते तर निम्म्या मुली भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. मागची मुलगी एका चित्राचं वर्णन करत होती आणि पाठमोरी मुलगी नुसतं ऐकून ते काढत होती. ही कसली शिक्षा, असं मी आत जाऊन विचारलं. बाई म्हणाल्या, "शिक्षा नाही, ताई. फोनवरच्या माणसाला आपला हात दिसत नाही. 'तिकडं, पलीकडं' म्हणून भागत नाही. नीट सांगायचं कसं, ते शिकवतेय."

उत्तर इतकं सरळ होतं, की माझा संशय आणखीच वाढला.

थंडी सुरू झाल्यावरची गोष्ट. आमचे मालक, रोहिणीचे वडील, उसाच्या ट्रकवर माळशिरसकडे गेलेले. दिवस मावळताना मी आणि रोहिणी रानात म्हशीसाठी कडवळ कापत होतो. पायाला चटका बसला आणि पेंढीखालून घोणस सरकत गेली. मी घराकडे पळायला निघाले, तर रोहिणीनं मला धरून खाली बसवलं.

"आई, हलायचं न्हाय," म्हणाली आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. मी देवाचा धावा करत रडत होते. तिचा आवाज मात्र स्थिर होता. "आईला घोणस चावली. कुंभारी, अक्कलकोट रोड. पाण्याची टाकी गेली की उजवीकडं कच्चा रस्ता. आत दहा खांब, म्हंजी साधारण अर्धा किलोमीटर. दहाव्या खांबाला लाल ओढणी बांधते."

ती बोलत होती तोवर माझं रडणं आपोआप थांबलं. आवाज माझ्या पोरीचाच होता, पण त्याला मागून कुणीतरी हात देऊन उभं केलंय असं मला वाटलं. कुणी म्हणेल, विषानं भास झाला. मी वाद घालणार नाही. गाडी आली. चालक वाटेत म्हणाला, रानातला पत्ता शोधण्यातच आमचा वेळ जातो, आज कुठं थांबावं लागलं नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनीही सांगितलं, वेळेत आणलं म्हणून वाचलात.

शुद्धीवर होते, पण अंगात त्राण नव्हतं, तेव्हा बाई भेटायला आल्या. आता या काय मागणार, हाच विचार माझ्या मनात आधी आला. त्यांनी काही मागितलं नाही. माझ्या सुजलेल्या पायाकडे पाहत बसल्या आणि उठून गेल्या.

त्या गेल्यावर मी रोहिणीला विचारलं, तुला भीती वाटली नाही का गं?

"लई भ्याले व्हते की," ती म्हणाली. "पर बाई म्हणत्यात, आदी जागा सांगायची, मग रडायचं." एवढं बोलून तिनं माझ्या खाटेवर डोकं टेकलं आणि पोटभर रडली.

सोमवारी अजून जाते. संशय पुरता गेलाय असं नाही, इतक्या वर्षांची सवय आहे. पण याची बदली कर, त्याचं तसं कर, हे देवाला सांगणं सुटलं. मी कुठं उभी आहे आणि काय दुखतंय, तेवढं नीट सांगते. कुठल्या वाटेनं, कुणाच्या रूपानं यायचं, ते त्याचं त्याला ठाऊक.