गाणं कधी सुरू होणार

माझ्या बाबांनी माझी गिटार कधी शेवटपर्यंत ऐकली नाही. वीस वर्षांत एकदासुद्धा नाही. मी वाजवायला बसलो की ते दोन मिनिटं मान तिरकी करून बघायचे आणि विचारायचे, "सूर लावणं झालं का रं? मग गाणं कधी सुरू होणार?" मी म्हणायचो, "बाबा, हेच गाणं आहे." "बरं बरं," म्हणत ते चपला घालून चौकात निघून जायचे. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला फिरायची लय हौस हाय.

आणि माणूस गाण्यातला, हे विशेष! तीस वर्षं गायन पार्टी चालवलेली. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की बाबा घरात औषधालाही सापडायचे नाहीत. पुढं गावोगाव डीजे आले, पार्टी मोडली, पेटी कपाटावर जाऊन बसली. गळ्यातला मफलर तेवढा राहिला, तो भर उन्हाळ्यातसुद्धा. गळ्याला हवा लागू नये म्हणून. आता हा गळा कुणासाठी जपायलाव, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

मी मानवतला शाळेत गणिताचा मास्तर. मला जाझचं खूळ लागलं ते कॉलेजात, आणि ते मी आणखी दोघांना लावलं. एक सेलूच्या जिनिंगमध्ये कामाला, तो बेस गिटार वाजवतो आणि दिवसातून चार वाक्यं बोलतो. दुसरा लग्नाच्या बँडमधला ड्रमवाला. त्याला हळू वाजव म्हटलं की त्याचं तोंड एवढंसं होतं. आम्ही देवगाव फाट्यावर चहाला भेटायचो, म्हणून आमच्या अल्बमचं नाव आणि त्यातल्या मोठ्या तुकड्याचं नावही 'देवगाव फाटा'. फाट्यावर गाड्या वेगवेगळ्या वाटांनी येतात, घटकाभर थांबतात, परत आपापल्या वाटेला लागतात. आमचं वाजवणं तसंच, तेही नेहमीच्या चाराऐवजी पाच मात्रांत. आधी तिघं मिळून, मग एकेकाला मोकळी जागा, मग परत तिघं.

रेकॉर्डिंग परभणीला ठरलं. स्टुडिओ वर आणि पिठाची गिरणी खाली. गिरणी फक्त गुरुवारी बंद, म्हणून आमचं रेकॉर्डिंग गुरुवारी. मी किरकोळ रजेच्या अर्जावर 'घरगुती अडचण' असं खुशाल ठोकून दिलं.

तिथला रेकॉर्डिस्ट हजारो गाणी केलेला माणूस. त्याची रीत ठरलेली: सकाळी वाद्यांचा ट्रॅक, दुपारी गायक. "सर, तुमचा गायक किती वाजता येणार?" त्यानं विचारलं. आमच्यात गायक नाही, असं मी त्याला तीनदा सांगितलं. तो "बरं बरं" म्हणाला. हे "बरं बरं" मी कुठं ऐकलंय, ते माझ्या तेव्हा ध्यानात यायला पाहिजे होतं.

दुपारी तुकडा वाजवून झाल्यावर आम्ही वडापाव खायला खाली उतरलो. नेमके त्याच वेळी बाबा दुसऱ्या जिन्यानं वर गेले. त्यांना परभणीत डोळे दाखवायचे होते, म्हणून आईनं त्यांच्या हाती आमचा डबा दिला होता. रेकॉर्डिस्टनं बघितलं: पांढराशुभ्र सदरा, खिशाला पेन, गळ्यात मफलर. आता याला गायक नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं? "या या, लय उशीर केला," म्हणत त्यानं बाबांना आत नेऊन माईकसमोर बसवलं आणि कानाला हेडफोन लावला.

आम्ही वर आलो तर काचेपलीकडं बाबा! डोळे मिटलेले.

"सर, तुमचे गायक लय पक्के हायत," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पाचव्यांदा ट्रॅक ऐकायलेत, पर अजून एक ओळ न्हाई गायली."

पाचव्यांदा? शेवटपर्यंत?

तेवढ्यात बाबा बाहेर आले. "मुखडाच येईना. कुठं घुसावं तेच कळंना," म्हणाले, डबा माझ्या हातात दिला आणि डोळ्याच्या डॉक्टरकडं निघून गेले. मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हणजे एवढा वेळ माणूस माझं ऐकत नव्हता, आपली पाळी कधी येते ते बघत होता!

मग रेकॉर्डिस्टनं हळूच सांगितलं, गायकानं हेडफोन घातला की तो लगेच रेकॉर्डिंग चालू करतो. सरावातच गाणं चांगलं जातं, असा त्याचा अनुभव. म्हणजे सगळं टिपलं गेलं होतं. आम्ही ऐकायला बसलो.

"हां, आता येतो मुखडा... न्हाई आला." मग टाळ्यांवर मोजणं. "एक, दोन, तीन, चार, पाच... पाच? अन् म्हणं गणिताचा मास्तर!" मग "त्या ड्रमवाल्याला कुणी तरी पाणी पाजा रं." ड्रमवाला पार फुगला. आम्ही पोट धरून हसत होतो. पाचव्या खेपेला मात्र आधी खोकला, आणि मग अगदी बारीक आवाजात, "समद्यायला जागा ठेवली पोरानं. माझ्यासाठी न्हाई ठेवली."

मी उघडलेला डबा परत झाकून ठेवला. बेसवाल्यानं त्या दिवसातलं चौथं वाक्य खर्च केलं, "पुढच्या गुरुवारी परत वाजवू."

मी पुन्हा 'घरगुती अडचण' लिहिलं. या खेपेला ती खरी होती. बाबांना एवढंच सांगितलं की, चला, तुम्हालाही यायचंय. गुरुवारी पहाटेपासून मोरीत मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचा आवाज. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तुकड्याच्या मधोमध आम्ही सोळा आवर्तनं मोकळी ठेवली. गिटार बंद, ड्रम बंद, फक्त बेस हळू चालत राहणार. बाबा माईकसमोर. जागा आली. मी मान हलवून खूण केली. बाबांनी तोंड उघडलं, परत मिटलं. त्यांची बोटं मांडीवर पाचाचा हिशेब धरत होती आणि दर खेपेला बरोबर समेवर येत होती. सोळा आवर्तनं तशीच निघून गेली. मी कसाबसा पुन्हा वाजवायला लागलो, शेवट केला.

अल्बममध्ये ती जागा अजून तशीच आहे. बेस चालतो आणि बारकाईनं ऐकलं तर मांडीवरची बोटं ऐकू येतात. लोक फोन करून सांगतात, मधी काही तरी बिघडलंय.

त्या दिवशी मात्र माझं डोकं तापलं होतं. गिटार खाली ठेवली आणि म्हणालो, "अहो बाबा, एवढी जागा ठेवली होती तुमच्यासाठी! का नाही गायलात?"

बाबा माझ्यावरच डाफरले, "गाणं चालू असताना मधी कुणी तोंड घालतंय का?"