चौदापैकी पाच गोळ्या

मी लातुरात जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे चार पर्यायांपैकी नेमका कोणता गोल काळा करायचा ते शिकवतो. हिवतापाचा धडा तर मला तोंडपाठ. डास चावला की परजीवी शरीराच्या पहारेकऱ्यांना चुकवून थेट यकृतात शिरतो, तिथून तांबड्या पेशींत. इतर पेशींत कुणी घुसलं तर त्या बाहेर खूण दाखवून बोंब तरी मारतात. तांबड्या पेशीला ती सोयच नाही. काही परजीवी तर यकृतातच महिनोन्महिने निपचित पडून राहतात. "अधोरेखित करा, हमखास येतं," मी फळ्यावर डस्टर आपटून सांगतो. एका मुलीनं विचारलं, "सर, मग ताप गेला म्हणजे माणूस बरा झाला असं म्हणायचं का?" मी म्हणालो, "हे परीक्षेला नाही." वर्ग हसला. मीही हसलो, मूर्खासारखा.

त्याच वर्षी भाद्रपदात गावी, लोह्याला, आईला एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप येऊ लागला. रक्त तपासलं, हिवताप निघाला. आशाताईंनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं: रोज जेवणानंतर एक, मध्येच सोडायच्या नाहीत. पाच झाल्या आणि घट बसले. आईचे नऊ दिवसांचे उपवास म्हणजे पाणी आणि एखादं केळ. तिनं फोन केला, "ताप तर उतरलाय की रे. उपाशीपोटी गोळी घेऊ का न्हाई?"

दोन बॅचच्या मधली वेळ होती. चहाचा कप हातात धरून ह्या विद्वानानं निकाल दिला, "राहू दे, ताप गेलाय ना!" दसऱ्यानंतर उरलेल्या गोळ्यांची आठवण तिला झाली नाही आणि मला तर नाहीच नाही.

मार्गशीर्षात ताप परत आला. मी लोह्याला पोचलो तेव्हा आई भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जात होती, दोनदा थांबून. मला स्वतःची किळस आली. आशाताई पुन्हा रक्त घ्यायला आल्या होत्या.

"मावशी, चौदाच्या चौदा घेतल्या होत्या ना?"

"न्हाई बाई, पाचच," आई कुडकुडत म्हणाली. मग माझ्याकडे बोट करून कौतुकानं सांगू लागली, "ह्यानंच सांगितलं ऱ्हाऊ दे म्हणून. त्याला समदं ठावं हाय. लातुरात लेकरांना हेच शिकवतो त्यो."