बाबांच्या ऑपरेशनआधीचा श्वास

“चेडू शिकलेला हा, पण तोंडातून शब्द नाय. बापाक धीर कोण देतला?”

बाबांचे बंदरावरचे सोबती सावंतकाका ओमानमधल्या सलालाहच्या इस्पितळात, कॉरिडॉरच्या टोकाला फोनवर बोलत होते. ‘चेडू’ म्हणजे मुलगी, ती मीच, आणि ते खरंही होतं. तासाभरात बाबांची बायपास व्हायची होती. आई दुसऱ्या दिवशी पोचणार होती. मघाशी बाबा दोनदा माझ्याकडे बघून हसले, मी काही बोलेन म्हणून थांबले, आणि मी नुसती चादर सारखी करून बाहेर आले. काही बोलायचं म्हटलं की श्वास घशाशीच अडकत होता.

आईने देवीच्या स्तोत्राची अकरा आवर्तनं सांगितली होती. देवनागरी मला सावकाश वाचता येते, म्हणून मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतलं स्तोत्र काढून मी बोटांवर मोजत, धापा टाकत ते उरकत होते. सातव्यानंतर मोजणी चुकली. बाबांना त्याचं काही भोगावं लागेल का, या विचाराने मी पुन्हा बोटं मोजू लागले.

तेवढ्यात एक वयस्क फिलिपिनो नर्स शेजारी येऊन बसली. “तू श्वास घेतेयस, पण सोडत नाहीस,” ती इंग्रजीत हळूच म्हणाली. तिची आजी हवाई बेटांवर अननसाच्या मळ्यात कामाला होती, तिथल्या लोकांकडून आजीने शिकलेलं तिने मला दाखवलं. पोटावर हात ठेवायचा, चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा, मग तोंड उघडून आठ मोजेपर्यंत हलकेच “हाऽऽ” करत सोडायचा. हवाईच्या भाषेत ‘हा’ म्हणजे श्वास, आणि प्राणही.

कुणी बघत नाही ना, हे आधी पाहिलं. काका बघतच होते. तरी मी तोंड उघडून ‘हाऽऽ’ करायला गेले.

“काय गो, चष्मो पुसतंस?”

मला हसू फुटलं, आणि त्या हसण्याबरोबरच अडकलेला श्वास बाहेर पडला. मग मी पुन्हा केलं. चौथ्या-पाचव्या वेळी खांदे खाली आले. काकाही गुपचूप ‘हाऽऽ’ करत होते.

ऑपरेशन नीट झालं, ते डॉक्टरांच्या हातून. त्या नर्सबाईंना देवीने पाठवलं का, हे मी सांगू शकत नाही. मी त्यांचं नावही विचारलं नाही, याची खंत आहे. एवढंच कळलं की इतके दिवस मी श्वास रोखून देवीकडे मागत होते, मुठी घट्ट आवळून. तिच्यावर काही सोपवलंच नव्हतं. त्या दुपारी उरलेली आवर्तनं तिच्या पायाशी तशीच ठेवली आणि उठले.

बाबांची खाट ऑपरेशनला न्यायला माणसं आली होती. मी कठड्यावरचा त्यांचा हात धरला, सगळा श्वास सोडला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “बाबा, मला खूप भीती वाटतेय. जाऊन या.”