गावठी भाताचं मडकं

पेठ तालुक्यातल्या त्या शिवारात चार सुधारित भातांचे वाफे होते आणि तुलनेसाठी गावठी भाताचा एक. प्रत्येक वाफ्यापुढे मडकं. पसंत पडेल त्यात मक्याचा दाणा टाकायचा. जिंकेल त्याचं बियाणं गावाला मिळणार. कृषी खात्याच्या वतीने मडकी मीच मांडली होती.

गावातल्या बायांनी लोंब्या चोळल्या, तांदूळ चावून पाहिला, मग रोपाची उंची कमरेशी लावून पाहिली. सुधारित भात गुडघ्याच्या जरा वर. पेंढाच नाही, तर उन्हाळ्यात बैल खाणार काय? बहुतेक दाणे गावठीच्या मडक्यात पडले.

कृषी खात्याच्या साहेबांनी ते मडकं बांधावर रिकामं केलं. "हे नुसतं तुलनेला आहे. उरलेल्या चारांतून निवडा."

"मंग मडकं कशाला ठेवलं? शोभेला?" एक मावशी म्हणाली.

"मावशी, उत्पन्न बघा ना."

"बघितलं की. बैलाला तुमचं उत्पन्न चारू?"

साहेब हसले आणि पुन्हा दाणे वाटू लागले. त्या हसण्याची मला आजही किळस येते. उत्तर आधीच ठरलं असेल तर माणसाला विचारायचं तरी कशाला? मावशीने दाणा साहेबांच्या हातात परत ठेवला आणि निघाली. तिच्यामागे बाकीच्याही गेल्या.

पुढच्या हंगामात बुटक्या भाताच्या पिशव्या गावात आल्या. वर छापलं होतं: शेतकऱ्यांच्या पसंतीचं वाण.